बंद पडलेला डॅट डेक: आधी यंत्र, मग चाचणीची टेप, तुमची टेप सगळ्यांत शेवटी

ठाण्यात कोपरीला माझी छोटी कार्यशाळा आहे. डॅट म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप, आणि डेक म्हणजे ती भरणारं-वाजवणारं यंत्र. तिथे येणाऱ्या बहुतेक डॅट डेकांचा मूळ बिघाड किरकोळ असतो. तो वाढतो तो घरी. माळ्यावरून डेक काढला, प्लग लावला, डिस्प्ले पेटला आणि आनंदाच्या भरात वडिलांच्या भजनाची एकुलती एक टेप आत सारली, हा क्रम मी इतक्या वेळा ऐकलाय की माणूस पायरी चढतानाच पुढचं कळतं. टेप आत अडकलेली असते. कधीकधी कुणीतरी ती चिमट्याने ओढलेलीही असते.

कपॅसिटर (बोर्डावरचा, वीज साठवणारा छोटा भाग) बदलता येतो, रबर बदलता येतं, अख्खा डेक दुसरा मिळू शकतो. टेपवरचा आवाज मात्र एकदाच होता. म्हणून खालचा क्रम मोडू नका. हा लेख घरात किंवा स्टुडिओत ठेवायच्या मोठ्या डेकांसाठी आहे, म्हणजे टॅस्कॅम डीए-३०, पॅनासॉनिक एसव्ही-३७०० किंवा सोनीचे घरगुती डेक. खिशातले छोटे रेकॉर्डर आतून फार दाटीचे असतात, पहिला हात त्यांच्यावर नको.

एक आकडा डोक्यात ठेवा. डॅटची टेप ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि तिच्यावरचा एक ट्रॅक, म्हणजे माहितीची एक रेघ, साधारण १३.६ मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). केसाच्या जाडीचा जेमतेम पाचवा भाग. टेप वाचणारी हेडं ज्याच्यावर बसवलेली असतात तो ३० मिलिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला २००० फेरे घेतो आणि टेप त्याच्यासमोरून सेकंदाला फक्त ८.१५ मिलिमीटर सरकते. कापसाचा एक धागा किंवा तेलाचा एक थेंब इथे काय करू शकतो ते यावरून समजेल.

१. तयारी: हवा आणि सामान

शक्य असेल तर हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत काढा. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा इतकी दमट असते की ड्रमवर बाष्प बसतं आणि टेप त्याला चिकटते. वाशी, नेरूळ, ऐरोली, कळवा अशा खाडीकाठच्या घरांत खारी हवाही असते, ती संपर्काच्या पट्ट्यांवर काळपट थर चढवते. पावसाळ्यातच करायचं असेल तर एका बंद खोलीत एसी लावा आणि डेक किमान ४-५ तास त्याच खोलीत राहू द्या. त्यानंतरच उघडा.

सामानात फसगत होते ती द्रावणात. तुम्हाला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल हवं. मोबाइल दुरुस्तीवाले त्याला आयपीए म्हणतात. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट चालणार नाही, त्यात पाणी आणि इतर गोष्टी असतात. नेलपॉलिश रिमूव्हर तर यंत्राच्या जवळही आणू नका, तो प्लास्टिक खातो.

बाकी लागेल ते असं: शॅमॉय चामड्याच्या टोकाच्या हेड साफ करायच्या काड्या, प्लास्टिकला चालणारं पांढरं ग्रीस, मल्टिमीटर, बारीक टोकाचा सोल्डरिंग आयर्न, मऊ टूथब्रश आणि फुलीचे पेचकस. पेचकस जपानी स्क्रूच्या मापाचे, म्हणजे जेआयएस घ्या. नेहमीचा फिलिप्स या स्क्रूंच्या खाचेत नीट बसत नाही, निसटतो आणि डोकं गुळगुळीत करून ठेवतो. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलात की लॅमिंग्टन रोडवर यातलं बरंचसं मिळतं. कपॅसिटर घ्यायला मात्र आत्ताच जाऊ नका. डेक उघडून यादी केल्याशिवाय गेलात तर पुन्हा एक फेरी पडते.

शेवटची वस्तू सगळ्यांत महत्त्वाची: दोन बिनमहत्त्वाच्या डॅट कॅसेट. एक कोरी. दुसरी अशी, जी वेगळ्या आणि नीट चालणाऱ्या डेकवर रेकॉर्ड केलेली आहे. ही दुसरी कॅसेट का, ते पाचव्या पायरीत येईल.

२. टेप आधीच आत अडकली असेल तर

नसेल तर पुढे जा. असेल तर थांबा. इजेक्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. प्रत्येक दाबाबरोबर यंत्र अर्धवट हालचाल करतं आणि टेपचा वेढा आणखी गुंततो.

प्लग काढा. पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमधला भार उतरू दे. वरचं झाकण काढा आणि हात न लावता फोटो घ्या. कॅसेटमधून टेप बाहेर आलेली दिसेल, दोन खांब तिला ओढून ड्रमभोवती घेऊन गेलेले असतील. हे खांब एक छोटी मोटर हलवते. तिच्या दांड्यावर सहसा स्क्रूसारखे आटे असलेला गिअर असतो, त्याला वर्म म्हणतात. तो बोटाने किंवा लाकडी काडीने हळूहळू फिरवा. खांब मागे सरकू लागले तर दिशा बरोबर. पुढे जाऊ लागले तर लगेच उलटं फिरवा.

खांब मागे येतात तशी टेप सैल पडते. ती सैल टेप आत घेणं हेच खरं काम आहे. वर्मचे थोडे फेरे, मग कॅसेटच्या एका चाकाला खालून किंवा बाजूने हलका वळसा देऊन सैल टेप आत, पुन्हा थोडे फेरे. घाई केलीत तर सैल वेढा खांबाखाली जातो आणि तिथे टेपला घडी पडते. घडी पडली की तेवढा आवाज गेला.

तपासा: कॅसेट वर उचलण्याआधी तिच्या तोंडाबाहेर टेपचा एकही वेढा दिसता कामा नये. कॅसेटचं झाकण बंद होताना सैल टेप त्यात चिमटली जाते. मी स्वतः एकदा इथेच चुकलो होतो. एका कुटुंबाच्या घरच्या गाण्याची साधारण दोन सेकंदं माझ्या हातून गेली, ती अजून सलतात. तेव्हापासून कॅसेट उचलण्याआधी मी टॉर्च लावून पाहतो.

३. वीज देण्याआधी, आणि पहिल्यांदा देताना

मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाचा. जपानच्या बाजारासाठी बनलेला डेक १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेचा १२० चा. आपल्याकडे २३० आहे. पूर्वी सिंगापूर, दुबई, जपानहून आणलेले डेक हातोहात फिरत आलेत, त्यामुळे "आधीच्या मालकाकडे चालत होता" एवढ्यावर विसंबू नका. १०० व्होल्टच्या डेकला १०० चाच स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर द्या, ११० चा नको.

आता पट्ट्यांकडे, म्हणजे सर्किट बोर्डांकडे पाहा. त्या काळच्या बऱ्याच डेकांत पृष्ठभागावर चिकटवलेले छोटे अॅल्युमिनियमचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आहेत. ते आतला द्रव गाळतात. खूण अशी: कपॅसिटरच्या बुडाशी बोर्ड काळपट किंवा ओलसर दिसतो, शेजारच्या सोल्डरची चकाकी गेलेली असते. शंका असेल तर त्या सोल्डरला गरम आयर्न लावा. सुक्या बोंबलासारखा वास आला तर कपॅसिटर गळलाय. एक गळला असेल तर त्याच बोर्डावरचे त्याच प्रकारचे सगळे बदला. बाकीचेही त्याच वाटेवर असतात.

बदलताना घ्यायची काळजी:

जुना कपॅसिटर पिळून उपटू नका. गळलेल्या द्रवाने खालची तांब्याची पट्टी कमकुवत झालेली असते, ती सोबत निघून येते. आधी दोन्ही पायांना ताजं सोल्डर द्या, मग दोन आयर्ननी दोन्ही पाय एकाच वेळी गरम करून तो उचला. खालची जागा आयपीए आणि टूथब्रशने स्वच्छ घासा आणि पूर्ण सुकवा. द्रव तसाच राहिला तर नव्या कपॅसिटरखालीही तो पट्टी खात राहतो. नवा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्या किंवा जास्त व्होल्टचा आणि १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा घ्या. उंचीही मोजा, नाहीतर वरचा बोर्ड बसत नाही.

इशारा: अॅल्युमिनियमच्या अशा कपॅसिटरवर काळी खूण ऋण टोकाची असते. टँटॅलम नावाच्या धातूच्या कपॅसिटरवर मात्र पट्टी धन टोकाची असते. एकाच्या जागी दुसरा लावताना हा गोंधळ हमखास होतो आणि उलटा लावलेला टँटॅलम पेट घेतो.

मगच वीज, तीही सिरीज बोर्डावरून. टीव्ही दुरुस्तीवाल्यांकडे असतो तोच, १०० वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडलेला. डेक सुरू करताना बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तेज तसंच राहिलं तर आत शॉर्ट आहे, ताबडतोब बंद करा. सिरीज बल्बवर यंत्र धड चालणार नाही, तेवढ्यावरून ते बिघडलंय असं ठरवू नका. शॉर्ट नाही हे कळलं की थेट वीज द्या आणि सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे पॉवर सप्लायची व्होल्टेजं मोजा. ती बरोबर नसतील तर पुढच्या पायऱ्यांना अर्थ नाही. पॉवर सप्लायच्या बोर्डावर २३० व्होल्ट उघडे असतात. मोजताना एक हात खिशात ठेवा आणि पायांत रबरी चपला घाला.

४. रबर, ग्रीस, मोड स्विच, ड्रम

"कॅसेट घेतो आणि परत फेकतो" ही तक्रार घेऊन आलेल्या माणसाला कुणीतरी सांगितलेलं असतं की हेड गेलं. माझ्या अनुभवात अशा वेळी हेड क्वचितच दोषी असतं. दोष असतो तो तीन ठिकाणी. खांबांच्या वाटेवरचं ग्रीस सुकून मेणासारखं झालेलं असतं. ट्रेचा पट्टा सैल किंवा डांबरासारखा चिकट झालेला असतो. किंवा मोड स्विच मळलेला असतो. यंत्रणा या क्षणी कुठे आहे, टेप बाहेर ओढली की नाही, हे यंत्राला मोड स्विच सांगतो. त्याचे संपर्क काळे पडले की यंत्राला आपली जागा कळत नाही, मग ते घाबरून कॅसेट परत देतं.

आधी सगळं जुनं ग्रीस आयपीएने काढा. नव्याचा थर जुन्यावर चढवू नका. नवं ग्रीस टाचणीच्या डोक्याएवढं, फक्त घासणाऱ्या जागी. शिलाई मशीनचं तेल आणि गंज सोडवायचे स्प्रे इथे नकोत. ते पसरतात आणि शेवटी टेपवर जातात. मोड स्विच उघडून काँटॅक्ट क्लीनरने साफ करा. गिअर काढावे लागले तर आधी फोटो घ्या आणि एकमेकांसमोर येणाऱ्या दातांवर मार्करने ठिपके द्या. एक दात इकडचा तिकडे झाला तरी खांब अर्ध्या वाटेत अडकतात.

पिंच रोलर म्हणजे टेपला दाबून पुढे सरकवणारं रबरी चाक. ते चकचकीत आणि टणक झालं असेल तर बदला. नुसतं मळलेलं असेल तर साबणाच्या थेंबभर कोमट पाण्याने पुसा आणि कोरडं करा. रबराला वारंवार अल्कोहोल लावलं तर ते आणखी कडक होतं.

आता ड्रम. इथे सावकाश.

शॅमॉयची काडी आयपीएने ओली करा, टपकेल इतकी नाही. ती ड्रमच्या बाजूला हलकेच टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून फिरवा. काडी हलवायची नाही, ड्रम फिरवायचा. दहा-बारा फेऱ्यांनंतर काडीची बाजू बदला. मळ यायचा थांबेपर्यंत हे करा, मग पाच-दहा मिनिटं सुकू द्या.

इशारा: काडी वरखाली कधीही नेऊ नका. हेडचं टोक ड्रमच्या कडेबाहेर किंचितच आलेलं असतं, उभ्या हालचालीने ते तुटतं. कान कोरायच्या कापसाच्या काड्याही नकोत, त्यांचा धागा हेडमध्ये अडकतो.

हेड साफ करायच्या कोरड्या कॅसेट मी वापरत नाही. त्या हेड घासतात. दर आठवड्याला त्या लावून हेड झिजवून टाकलेले डेक मी पाहिलेत.

आणि एक मोह. ड्रमच्या दोन्ही अंगांना टेपची वाट आणि उंची ठरवणारे गाइड असतात, त्यांच्यावर छोटे स्क्रू असतात. आवाज तुटतोय म्हणून ते फिरवून बघावेसे वाटतात. फिरवू नका. त्यांची उंची ऑसिलोस्कोपवर, म्हणजे सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, हेडकडून येणाऱ्या कच्च्या (आरएफ) सिग्नलचा आकार पाहूनच लावायची असते. स्कोप नसेल तर तो स्क्रू तुमच्यासाठी नाही.

५. चाचणीची टेप

आधी कोरी कॅसेट, झाकण उघडंच ठेवून. वरून प्रखर दिवा नको, टेपचा शेवट ओळखणारे प्रकाशाचे सेन्सर त्याने फसतात. खांब झटका न देता जागी येतात का, टेपची कड कुठे दुमडते का, थांबवल्यावर सगळी टेप परत आत जाते का, हे डोळ्यांनी पाहा. लोड आणि इजेक्ट किमान वीस वेळा करा. एकोणीस वेळा नीट आणि विसाव्यांदा अडकली तर यंत्र अजून तयार नाही, चौथ्या पायरीवर परत जा.

डिस्प्लेवर बाष्पाचा इशारा आला तर कॅसेट न घालता डेक तासभर चालू ठेवा. तो सेन्सर तोडून पुढे जाण्याचा सल्ला देणारे भेटतात. आपल्या हवेत तो सल्ला ऐकू नका.

त्यानंतर कोऱ्या टेपवर दहा मिनिटं काहीतरी रेकॉर्ड करून ऐका. नीट ऐकू आलं म्हणजे झालं असं समजणं ही या साऱ्या कामातली सगळ्यांत महागडी चूक. ज्या डेकचे गाइड तिरके आहेत तो स्वतःचं तिरकं रेकॉर्डिंग अगदी स्वच्छ वाजवतो, आणि दुसऱ्या डेकची टेप आली की अडखळतो. म्हणून ती दुसरी, परक्या डेकवर भरलेली कॅसेट. ती सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी न तुटता वाजली तरच यंत्र पास. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये चुकांची मोजणी दाखवणारा मोड दिला असेल तर तो लावून आकडा लिहून ठेवा.

याच नियमाची दुसरी बाजूही आहे. तुमची जुनी टेप तिरक्या डेकवर भरली गेली असेल तर ती कदाचित त्याच डेकवर नीट वाजेल. ज्या डेकवर टेपा भरल्या तो भंगारात देऊ नका, बंद असला तरी.

६. तुमच्या टेपची तयारी

कॅसेटच्या खिडकीतून टेपचा गठ्ठा उजेडात पाहा. पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. अशी टेप आत्ताच साफ केलेल्या डेकमध्ये घालू नका. ती बाकीच्यांपासून वेगळी, झिपच्या पिशवीत ठेवा आणि बुरशीची टेप हाताळणाऱ्या जाणकाराकडे द्या.

बाकीच्या टेपा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर चार-पाच दिवस ठेवा. उन्हात किंवा ओव्हनमध्ये तापवू नका. जुन्या रीळांच्या टेपा तापवून वाचवल्याच्या गोष्टी ऐकून लोक डॅटलाही तेच करायला जातात.

कॅसेटच्या मागच्या कडेची सरकपट्टी सरकवून भोक उघडं करा. आता चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी टेप पुसली जाणार नाही. मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटलेले थर सुटतात आणि ताण सारखा होतो.

७. टेपवरून संगणकावर

डेक यूपीएसवर ठेवा. पहिल्या वळवाच्या पावसात वीज जाते आणि त्या क्षणी टेप ड्रमला वेढलेली असली की दुसरी पायरी पुन्हा करावी लागते.

हेडफोनच्या जॅकमधून रेकॉर्ड करू नका. टेपवर आकडेच आहेत, ते आकड्यांतच उतरवा. डेकच्या मागे एस/पीडीआयएफचं, म्हणजे आवाज आकड्यांतच बाहेर देणारं, कोअॅक्सियल (तारेचं) किंवा ऑप्टिकल (प्रकाशाचं) आउटपुट असतं, तेच वापरा. कोअॅक्सियलसाठी ७५ ओहमची केबल लागते, जुन्या टीव्हीबरोबरची पिवळी व्हिडिओ केबल चालते. ऑप्टिकल केबलच्या टोकावरचं पारदर्शक टोपण काढायला लोक विसरतात.

इंटरफेस म्हणजे डेकचा सिग्नल संगणकात घेणारा डबा. त्याचं क्लॉक, म्हणजे आकडे घेण्याचा ठेका, बाहेरच्या सिग्नलवर, म्हणजे एस/पीडीआयएफवर ठेवा. ते अंतर्गत राहिलं तर ठरावीक अंतराने टिक-टिक असा आवाज येतो आणि लोक पुन्हा हेड घासायला बसतात. फरक लक्षात ठेवा: ठरावीक अंतराने टिकटिक असेल तर क्लॉक, अनियमित चरचर किंवा तुटणं असेल तर हेड किंवा टेप.

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती आकडे, तो टेपचाच ठेवा. तो ४८, ४४.१ किंवा ३२ किलोहर्ट्झ असू शकतो आणि एकाच टेपवर मध्येच बदलूही शकतो. बदलला तर तिथे थांबून नवी फाइल सुरू करा. पातळी वाढवू नका, नॉइज काढू नका, रेट बदलू नका. ते सगळं नंतर, प्रतीवर. १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झचा एक तास साधारण ६९१ एमबी होतो, जागेची कंजुषी करण्याचं कारण नाही.

डिस्प्लेवर एम्फसिसची खूण पेटली तर वहीत नोंद करा. अशा टेपवर वरच्या पट्टीतला आवाज मुद्दाम वाढवून भरलेला असतो. डिजिटल उताऱ्यात तो तसाच येतो आणि टाळ-झांजा कानाला टोचतात. इक्वलायझरने अंदाजाने कमी करू नका, ५०/१५ मायक्रोसेकंदांचं डी-एम्फसिस लावा. ते नेमकं उलटं गणित आहे.

प्रत्येक टेप दोनदा उतरवा. दोन्ही फाइली सॅम्पल-सॅम्पल जुळवा, एकीची ध्रुवता उलटी करा, म्हणजे तिची लाट वरची खाली होते, आणि मिसळा. संपूर्ण शांतता आली तर दोन्ही एकसारख्या. जिथे कुरकुर ऐकू येते तिथे यंत्राने कुठल्यातरी वेळी आकडा न वाचता अंदाज भरलाय.

पण दोन्ही उताऱ्यांच्या मध्ये ड्रम पुन्हा साफ करा. डॅटमध्ये माहितीची विभागणी अशी केलेली असते की दोनपैकी एक हेड मळून बंद पडलं तरी दुसऱ्याच्या आकड्यांवरून मधले अंदाजाने भरता येतात. कानाला गाणं चालूच वाटतं, फक्त किंचित खरखरीत. दोन्ही वेळा तेच हेड बंद असेल तर अंदाजही सारखेच भरले जातात आणि मिसळल्यावर शांतता येते. खोटी शांतता. माझ्याकडे दुसरा डेक आहे तोवर मी दुसरा उतारा त्याच्यावरच करतो.

फाइलच्या नावात टेपवरच्या चिठ्ठीची तारीख, सॅम्पल रेट आणि कितवा उतारा हे घाला. चिठ्ठीचा फोटोही त्याच फोल्डरमध्ये. दोन वेगवेगळ्या डिस्क आणि तिसरी प्रत दुसऱ्या घरात.

८. काम झाल्यावर डेक ठेवताना

कॅसेट आत ठेवून डेक कधीही बंद करू नका. पावसाळ्यात महिन्यातून एकदा अर्धा तास वीज द्या आणि कोरी टेप एकदा लोड-इजेक्ट करा, म्हणजे पिंच रोलर आणि पट्टा एकाच आकारात बसत नाहीत. खोक्यात सिलिका जेल घाला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: कुठले कपॅसिटर बदलले, कधी, चाचणीच्या टेपवर चुकांचा आकडा किती आला. पुढच्या वेळी झाकण कुणी का उघडेना, त्याला पहिल्यापासून शोधायला नको.